दाराखालची चिठ्ठी

सातवी चिठ्ठी तिने हातात घेतलीच नाही. चपलेच्या टोकाने उलटी केली आणि उभ्या उभ्याच वाचली.

"तुमच्या देशात परत जा. इथे तुमची कुणाला गरज नाही."

तीच ती कागदाची पट्टी, तीच ठोकळ्यासारखी अक्षरं आणि दोन ओळींत चार चुका. सकाळचे सहा वाजले होते. बाहेर जिन्यात नेहमीप्रमाणे कुणीच नव्हतं.

नवरा दाढी करत होता. फाडून टाक, म्हणाला. चार महिने तो हेच म्हणत होता. तो बस चालवायचा आणि दिवसभर काळ्या रंगावरून इतकं ऐकून घ्यायचा, की घरी आल्यावर त्याच्या कानांत आणखी काही शिरायला जागा उरत नसे.

ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. त्याच आठवड्यात एका पेशंटने आ वासला, तिचा हात जवळ येताना पाहिला आणि तोंड मिटून घेतलं. दुसरं कुणी नाही का, असं त्याने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी दुसरीला बोलावलं आणि नंतर हिला समजावलं, मनावर घेऊ नकोस. त्या पेशंटपेक्षा तिला डॉक्टरांचाच जास्त वैताग आला.

पोलीस चौकीतही ती जाऊन आली होती. मार बसलाय का, असं तिथल्या कारकुनाने विचारलं. नाही म्हटल्यावर त्याने वही मिटली. बसला तर या, म्हणाला.

तिचा संशय समोरच्या दारावर होता. तिथली बाई यांच्या घरातलं कुणी जिना उतरून गेलं, की मागे सुगंधी फवारा मारायची. शेवटी एका संध्याकाळी हिने चिठ्ठी घेऊन तिचं दार वाजवलं. बाईने चिठ्ठी लांब धरून वाचली.

"हे माझं नाही," ती शांतपणे म्हणाली. "मला तुम्ही इथे नको आहात, हे मी तोंडावर सांगते. कागद कशाला वाया घालवू?"

आणि तिने दार लावून घेतलं.

घरी आल्यावर हिने लेकीच्या दप्तरातलं लाल पेन काढलं. स्वतःची भाषा धड लिहिता येत नाही आणि आम्हाला जा म्हणतात, असं पुटपुटत तिने चारही चुका गोल केल्या, वर शुद्ध शब्द लिहिले आणि चिठ्ठी खाली इमारतीच्या फलकावर टोचून आली. सासऱ्यांनी सगळं पाहिलं. सासूबाई गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं, त्याला दोन वर्षं होत आली होती. आठवड्यातून दोनदा ते वाचनालयात इथली भाषा शिकायला जात. एरवी बागेतल्या बाकावर बसून राहत.

"मग आता आपण काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. राहायचं. बघू कोण आधी थकतं ते."

आठवी चिठ्ठी आठवड्याने आली. चारही शब्द आता बिनचूक होते.

ही चिठ्ठी मात्र तिच्याआधी लेकीच्या हाती लागली. आठ वर्षांच्या पोरीने ती खणखणीत आवाजात वाचून दाखवली आणि विचारलं, "आई, आपला देश म्हणजे कुठला?" पोरीचा जन्म इथलाच, दोन चौक पलीकडच्या दवाखान्यातला. नवऱ्याच्या हातातला चहा तसाच राहिला. त्या दिवशी पहिल्यांदाच तो फाडून टाक म्हणाला नाही. जागा बदलू, म्हणाला.

जागा शोधायला महिना गेला. फोनवर रिकामी असलेली घरं हे दारात उभे राहिले की भरलेली निघत. शेवटी एक मिळालं. सासऱ्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"फक्त घर बदलणार?"

"आणखी काय बदलायचं, बाबा?"

सासरे उठून आपल्या कपड्यांच्या घड्या करायला लागले.

नवा पत्ता कुणालाही द्यायचा नाही, असं तिने घरात बजावून ठेवलं. शेजाऱ्यांना नाही, दवाखान्यात नाही, शाळेतसुद्धा आठवडाभर नाही. रविवारी दुपारी सामान हललं. समोरच्या बाईने खिडकीतून पाहून घेतलं. टेम्पो मुद्दाम उलट्या दिशेने काढायला हिनेच नवऱ्याला लावलं. असल्या चोरासारख्या वागण्याची तिला चीड आली, पण त्या रात्री कित्येक महिन्यांनी तिला गाढ झोप लागली.

सकाळी सहाच्या आधीच ती उठली. घर शांत होतं. स्वयंपाकघरातली खोकी उपसून ती चहाचं भांडं शोधत राहिली. ते काही सापडेना, म्हणून दाराजवळ रचलेल्या खोक्यांकडे आली. वरच्या खोक्याची चिकटपट्टी सोलत असतानाच तिच्या पायाशी कसलीशी खसखस झाली.

दाराखालून कागदाची एक पट्टी आत सरकत होती.

इथेही. पहिल्याच सकाळी. तिच्या डोक्यात तिडीक गेली. पाच महिन्यांत हा माणूस एकदाही हाती लागला नव्हता, आता दोघांच्या मध्ये एका फळीचं अंतर होतं. तिने मूठ फिरवली आणि दार सताड उघडलं.

जिन्यात सासरे गुडघे टेकून बसले होते. त्यांना चटकन उठता येईना. त्यांनी पळायचा प्रयत्नही केला नाही. फक्त मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"त्यातला एकही शब्द माझा नाही, सूनबाई. बसमध्ये, बागेत मला जे ऐकवतात, तेच उतरवून काढलं," ते म्हणाले. "पण एवढं लिहूनसुद्धा तुम्ही तीनच गल्ल्या लांब आलात."