कोर्विनाचा एक घड

“उद्या येताना कोर्विनाचा एक घड आण,” बाबा म्हणाले. “बघू तरी, कितपत सुकलीत.”

ओर्नेलाच्या हातातला चमचा सूपमध्येच थांबला. माळ्यावर वाइनसाठी सुकत घातलेल्या द्राक्षांचा एकही घड उरलेला नव्हता.

पाच आठवड्यांपूर्वी श्वास पुरेना म्हणून तिनं बाबांना, म्हाताऱ्या ओत्तोरिनोला, डोंगराखालच्या या इस्पितळात आणलं होतं. त्या सकाळी हवा कोरडी होती. निघण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या हातानं माळ्याच्या खिडक्या उघडल्या होत्या, द्राक्षांतून वारा खेळावा म्हणून. वाल्पोलिचेल्लाच्या या द्राक्षखोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल : कोरड्या हवेत खिडक्या उघडायच्या, धुकं आलं की लावायच्या.

दुसऱ्याच दिवशी नदीवरून धुकं चढलं. इस्पितळाच्या काचेपाशी उभी राहून ओर्नेलानं ते येताना पाहिलं. तिला खिडक्या आठवल्या. विसरली असती तर बरं झालं असतं. पण बाबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता आणि डॉक्टर म्हणाले होते, आजचा दिवस निघाला तर निघाला. ती खुर्चीत परत येऊन बसली. शेजारच्या झेनोला एक फोन केला असता तर तो दहा मिनिटांत खिडक्या लावून आला असता. पण बांधाच्या दगडी भिंतीवरून झालेल्या भांडणानंतर बारा वर्षं त्या घराशी बोलणं नव्हतं, आणि बाबांना विचारल्याशिवाय तो नंबर फिरवायला तिचा हात धजला नाही. धुकं चार दिवस हललं नाही. पाचव्या दिवशी ती घरी गेली, तेव्हा जिन्यातच वास आला. चारशे पेट्यांतल्या घडांवर बुरशीची करडी लव उगवली होती; एकूण एक घड फेकून द्यावा लागला.

त्याच दुपारी बाबांनी डोळे उघडले. पहिला शब्द होता, “द्राक्षं?”

“छान आहेत,” ती म्हणाली.

मग रोज सांगावं लागलं. ती खोटं बोलायला शिकली. नुसतं छान म्हटलं तर बाबांना खरं वाटलं नसतं, म्हणून ती अधूनमधून म्हणायची, “आज रोंदिनेल्लाचे चार घड काढून टाकले, मऊ पडले होते.” बाबा मान डोलवायचे. तिनं सांगितलेल्या त्या नसलेल्या द्राक्षांतून ते पलंगावर पडल्या पडल्या तिन्ही जातींची द्राक्षं किती-किती घ्यायची ते ठरवत यंदाची वाइन जुळवत होते. कोर्विना जरा जास्त, उन्हाळा कडक गेला म्हणून. कोर्विनोनेचे मणी जाड, ते बेतानं. रोंदिनेल्ला रंगापुरती. दुसऱ्या दिवशी ते सगळं मोडायचे आणि नव्यानं मांडायचे. ते शुद्धीवर आल्यावरही डॉक्टरांनी आठच दिवस सांगितले होते. “नाताळ होऊ दे, गाळप होऊ दे,” बाबा म्हणायचे, “तोवर मला कोण हलवतंय!” आणि खरंच, त्यांना कुणी हलवलं नव्हतं. ते कशावर तग धरून आहेत हे एकट्या ओर्नेलाला ठाऊक होतं.

बाबांनी घड मागितल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती झेनोच्या दारात उभी राहिली.

“झेनोकाका, एक घड हवाय. कोर्विनाचा.”

झेनोनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “एक? आणि तुमच्या माळ्यावर काय, कबुतरं पाळलीत?”

झेनोनं तिच्या घराच्या माळ्याकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. तो जिना चढून वर गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात सगळ्यात देखणा घड होता, स्वच्छ कागदात ठेवलेला.

“माझी आहेत हे कळलं, तर तुझा बाप पलंगावरून उठून मला मारायला येईल.”

“येऊ देत, काका,” ओर्नेला म्हणाली. “तेवढं झालं तरी पुष्कळ.”

झेनोनं मान फिरवली.

दुपारी बाबांनी घड उजेडात धरला. मणी सुरकुतले होते, देठ वाळून तपकिरी झाले होते. त्यांनी एक मणी तोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चघळला. ओर्नेला त्यांच्या जबड्याकडे बघत राहिली. त्यांनी बिया तळहातावर घेतल्या, जिभेनं दात पुसले आणि आणखी एक मणी तोडला.

“झेनोची आहेत,” ते म्हणाले.

तिची नजर त्यांच्या हातातल्या घडावर खिळली.

“पहिल्यापासून हावरट. वेलीवर माल जास्त ठेवतो. जिभेवर गोड लागतं, मागून काहीच येत नाही.” त्यांनी घड हळूच कागदावर ठेवला. मग छताकडे बघत म्हणाले, “आपली गेली.”

ते विचारत नव्हते. ओर्नेलानं खाली बघून मान हलवली. इतके दिवस तिनं ज्या क्षणाला दाराबाहेर थोपवून धरलं होतं, तो आत येऊन पलंगाशी उभा होता. आता ते विचारतील, कधी गेली. विचारतील, खिडक्या का नाही लावल्यास. मग भिंतीकडे तोंड करतील, आणि गाळपाची वाट बघायचं सोडून देतील.

बाबांनी तळहातावरच्या बिया कागदावर ठेवल्या. मग त्यांनी तिच्याकडे मान वळवली.

“चारशे पेट्या, पोरी,” ते म्हणाले. “त्या जिन्यावरून तू एकटीनं खाली आणल्यास?”