शून्य शंका

एका शाळेतली मुलं ॲपवर गणितं सोडवताना कुठे अडखळतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. 'शंका' हे बटण जो सारखं दाबतो तो कच्चा, असं मी आकडेवारीनिशी दाखवून दिलं. शाळेने लगेच दर शनिवारी अशा मुलांची यादी सगळ्या पालकांना पाठवायला सुरुवात केली.

दोन महिन्यांत शंका शून्यावर आल्या. मुख्याध्यापिकाबाई खुशीत म्हणाल्या, "मॅडम, आता आमच्या मुलांना काही अडतच नाही बघा." मलाही तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्याच शाळेत सहावीत शिकणारी माझी लेक काल संध्याकाळी वही घेऊन शेजारी बसली होती. अर्धा तास झाला तरी पान कोरंच. मी अहवाल लिहिता लिहिता म्हटलं, "अगं, अडलंय तर विचार की. अशी मूग गिळून काय बसलीस?"



तिने आधी माझा लॅपटॉप मिटला. मग अगदी कानाशी येऊन विचारलं, "आई, अपूर्णांक म्हणजे नक्की काय गं?"