परत आलेली डबी

"डबी द्यायची राहिली होती, मॅडम," म्हणत हौसाबाईंनी पिशवीतून गोळ्यांची प्लास्टिकची डबी काढून टेबलावर ठेवली.

केतकीनं फायलीतून मान वर केली. नवं औषध तयार करायला किती खर्च येतो, यावर तिचं संशोधन चालू होतं. आज दवाखान्यात बसून ती एका फसलेल्या औषधाचे आकडे उतरवत होती. 'हाती काय लागलं' या रकान्यात तिनं नुकतंच 'काही नाही' लिहिलं होतं.

त्या औषधाच्या चाचणीतल्या रोग्यांनी दर महिन्याला संपलेली डबी परत आणायची, असा नियम होता. हौसाबाईंचे मालक एकदाही चुकले नव्हते. शेवटची डबी द्यायच्या आत तेच गेले.

"आता नसती आणली तरी चाललं असतं, मावशी."

"जाताना बजावून गेलेत. लागू पडलं का हो कुणाला ते औषध?"

केतकीला खोटं बोलवेना. "नाही, मावशी."

"असू दे. पुढचं पडेल." तिच्या पाठीवरून हात फिरवून हौसाबाई निघाल्या.

केतकीनं डबी उचलली, तर जड लागली. झाकण उघडलं. आत गळ्यापर्यंत साखर होती.

"मावशी, हे काय?"

हौसाबाई दारातून वळल्या. "दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं परत करायचं, पोरी?"