उसना शोध

कामाच्या वेळी स्वतःचं काही शोधायचं असलं, की ते शेजारणीकडून शोधून घ्यायचं, अशी त्या ऑफिसात पद्धत पडली होती.

“गौतमी, न दुखणारी गाठ वाईट असते का, एवढं बघ ना. माझ्या नावावर नोंद झाली तर मला कायम करणार नाहीत.”

“माझ्या स्थळाची चौकशी काल तू केलीस, तुझी गाठ आज मी बघते. फिटंफाट!” गौतमी हसली. पडद्यावरचं वाचून ती तिच्याकडे वळली. “वृंदा, लगेच दाखवून घे गं.”

वृंदाने चेहरा हलू दिला नाही. खुर्चीच्या पाठीतली पट्टी मात्र सगळ्यांचे मोजते तसे तिच्याही हृदयाचे ठोके मोजत होती.

तिच्या पडद्यावर संदेश उमटला : ‘गौतमी यांनी केलेला शोध आपल्या नावावर वर्ग केला आहे.’