फावड्याचा अडसर

"नगरचिन्हातलं फावडं काढून तलवार बसवू. साऱ्या जर्मनीत हसं होतंय आपलं!" नगराध्यक्ष सभेत म्हणाले. चिन्हात गावची वेस आहे आणि तिला अडसर म्हणून पाव भट्टीत सारायचं लांब लाकडी फावडं. शेकडो वर्षांपूर्वी ड्यूकचं सैन्य धान्य लुटायला आलं, तेव्हा पुरुष बिअर पीत चर्चा करत बसले आणि भट्टीवरच्या बायकांनी तसल्याच फावड्याने वेस अडवली, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आम्ही पाचजणी भट्टीवरून तशाच पिठाच्या हातांनी आलो होतो; ओटिलीकडे तर फावडंही होतं. "आमचं ऐकून तरी घ्या," ती म्हणाली. "तुम्ही आपले पाव भाजा, इतिहास आमच्यावर सोडा!" नगराध्यक्ष खो-खो हसले. आम्ही बाहेर पडलो. ओटिलीने दार ओढून कड्यांमध्ये फावडं आडवं सारलं. आतून नगराध्यक्ष ओरडले, "दार उघडा!" ओटिली म्हणाली, "ड्यूकही हेच म्हणाला होता."