पार्टिशनपलीकडची घरघर

बारावीचा निकाल नेटवर लागला आणि अर्धी गल्ली सत्यवतीच्या दारात चपला काढून आत आली. निकाल पाहायचा तो सत्यवतीबाईच्या कम्प्युटरवर, ही अमरावतीतल्या त्या गल्लीची चार वर्षांची रीत होती.

यंदा मात्र गोम होती. धाकट्या जावेनं, विशाखानं, नवा कम्प्युटर घेतला होता. नेटची लाइन घरात एकच. ती दोन्हीकडे जोडून द्यायला आलेल्या वलीनं सत्यवतीच्या मशीनमध्ये डोकावून मान हलवली होती. "भाभी, यातलं सॉफ्टवेअर लय जुनं झालं. नव्या मोडेमले ओळखतच नाई. मेन छोट्या भाभीचा ठेवा लागते. तो चालू असला का तुमचाही चालते."

तो चालू असला का! सत्यवतीला ते शब्द मिरचीसारखे झोंबले. लाइन मिळावी म्हणून खेटे घातले तिनं, आणि मालकीण झाली कालची आलेली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! त्यातून नांदगाव पेठला कामावर जाताना विशाखा रोज आपल्या खोलीची किल्ली तिच्या हातात ठेवायची. "लागलं तर चालू करून घ्या, ताई." हा मोठेपणा तर सत्यवतीला मुळीच पचत नव्हता.

आज मात्र तिनं ती किल्ली लावली. विशाखाचा कम्प्युटर चालू केला, दार ओढून घेतलं आणि आपल्या खुर्चीत येऊन बसली. दोन मशीनचा लोड, म्हणून कूलर बंद ठेवला. प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडून मशीनच्या पंख्याची घरघर येत होती. त्या घरघरीबद्दल कोणी विचारलं नाही, सत्यवतीनंही सांगितलं नाही. पोरं पास होत होती आणि पहिला पेढा तिच्या हातावर पडत होता.

दुपारी विशाखा कामावरून आली. दारात थबकली, पार्टिशनकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं रांगेत उभी राहिली. नंबर आला तशी तिनं एक चिठ्ठी पुढे केली.

"ताई, माहाही नंबर पाहा."

"तुहा? कशाचा?"

"बारावीचा. कापूस गेला त्या साली शाळा सुटली होती. यंदा बाहेरून बसली. नापास झाली तर हसू होईन, म्हणून सांगितलं नाई कोनाले."

घरात सगळ्यात शिकलेली बाई म्हणजे सत्यवती. मॅट्रिक. तिनं एकेक आकडा दाबला. पान उघडलं. विशाखाचं नाव, आणि खाली प्रथम श्रेणी. मागचे वाकून पाहायच्या आत सत्यवतीनं पान मिटवलं.

"नेट गेलं," ती म्हणाली.

सगळे गप्प झाले. त्या शांततेत घरघर आणखीच स्वच्छ ऐकू येऊ लागली. विशाखानं ती ऐकली. जावेकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली, आणि चिठ्ठी उचलून आपल्या खोलीत गेली.

"आलं वाटते," सत्यवती घाईघाईनं म्हणाली. "आना बुधाजी, तुमच्या नातीचा नंबर सांगा."

म्हाताऱ्या बुधाजीनं नंबर वाचला. तिनं तो टाकला, पण बोटं दोनदा चुकली. पलीकडे थोडा वेळ बटणांची टकटक झाली. मग काहीच नाही. मग घरघर थांबली.

सत्यवतीच्या पडद्यावर पान कोरंच राहिलं. बुधाजीनं पडद्याकडे पाहिलं, पार्टिशनकडे पाहिलं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "आता खरंच गेलं काय?"