कापडाची कात्री

“डॉक्टरांकडे जायचंय,” अशी थाप मारून लेकीने सत्तराव्या वाढदिवशी शिंप्याला थेट डोंगरावरच्या बंगल्यात आणलं. सगळं खानदान टाळ्या पिटत बाहेर आलं; त्यात शिंप्याचा धाकटा भाऊही! वीस वर्षांपूर्वी भांडून गेला होता, तो वडिलांची कात्री उचलूनच. शिंपी मागे फिरला. लेकीने दंड धरला. “बाबा, आजचा दिवस राग गिळा!” भिंतीवर मोठा कागदी फोटो होता: लहानपणीचे दोघे, दादाचा हात धाकट्याच्या खांद्यावर. धाकट्याने कात्री पुढे केली. “घे दादा, परत आणलीय.” शिंप्याने पात्यावर अंगठा फिरवला. धार मेलेली. “हिने कागद कापलास?” “पोरांना शाळेसाठी लागायचा. त्यात काय एवढं?” वडिलांनी ती कधी कागदाला लावू दिली नव्हती. “मग आता कागदच कापू,” म्हणत शिंप्याने फोटो मधोमध उभा चिरला. धाकट्याच्या खांद्यावर दादाचा हात तेवढा राहून गेला.